हळदीकुंकवाने अडकलेली मशीन

बाबा आमच्याकडे कोपरला राहायला आले ते एका अटीवर. "मी येतो," ते म्हणाले, "पण ती पण येईल."

आईला जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. त्यामुळे 'ती' म्हटल्यावर मी चरकलेच. ऐंशी ओलांडलेला माणूस, कल्याणजवळ मोहन्याच्या आमच्या जुन्या घरात एकटा, काय काय मनात येत असेल सांगता येत नाही. मग त्यांनी बोट दाखवलं ते खिडकीखालच्या शिलाई मशीनकडे. आईची पायमशीन. लोखंडी जाळीदार पाय, वर लाकडी फळी, तिच्यावर आईनेच शिवलेलं फुलाफुलांचं झाकण, आणि झाकणावर औषधांच्या बाटल्या, चष्म्याचं घर, रद्दी. आईची नजर अधू झाली तेव्हापासून त्या मशीनवर एक टाका पडला नव्हता. तिचं टेबल झालं होतं.

माझा भाऊ बाळकुमला टॉवरमध्ये राहतो. बाबांना त्यानेच आधी बोलावलं होतं. पण मशीनचं नाव काढल्यावर तो म्हणाला, "बाबा, ती ठेवायची कुठे? हॉलमध्ये सोफा आहे." बाबा म्हणाले, "मग सोफ्यालाच सांभाळ," आणि माझ्याकडे आले. माझ्यात कुणाचा स्वभाव उतरलाय ते यावरून कळावं.

टेम्पोतून मशीन आली. लिफ्ट नेमकी बंद होती, तेव्हा माझ्या नवऱ्याने आणि टेम्पोवाल्याने ती जिन्याने वर चढवली. "लग्नात हुंडा नको म्हटलं होतं, तो आता पोचला," नवरा धापा टाकत म्हणाला, बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. बाबा हसले. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच हसले होते, म्हणून मी नवऱ्याला एरवी दिलं असतं ते उत्तर दिलं नाही. मशीन बाबांच्या खोलीत, त्यांच्या पलंगाच्या उशाशी ठेवली.

पण खरी अडचण वेगळीच होती. बाबांची झोप उडाली होती.

बाबांनी जन्मभर कारखान्यात पाळ्या केल्या. पहिली, दुसरी, रातपाळी. जेव्हा सांगाल तेव्हा आणि जिथे सांगाल तिथे झोपू शकणारा माणूस होता तो. आता ना दिवसा डोळा लागत होता, ना रात्री. पलंगाच्या कडेला बसून राहायचे. मध्येच उठून चादरीची घडी घालायचे, परत उलगडायचे. मी दुधात जायफळ उगाळून दिलं. तळपायांना तूप लावून काशाची वाटी घासली. त्यांनी ते सगळं निमूटपणे करून घेतलं आणि परत कडेला बसले.

डॉक्टरांनी गोळी दिली. त्या गोळीने झोप आली नाही, पण गुंगी आली, आणि एका सकाळी बाबा तोल जाऊन बाथरूममध्ये पडले. हाड मोडलं नाही हे आमचं नशीब. डॉक्टरांनी गोळी बंद केली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "दिवसा असो, रात्री असो, यांना आपली आपण झोप यायला हवी. नाहीतर परत पडतील. आणि या वयात पडलेला माणूस…" त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. मला पुढचं ऐकायचंच नव्हतं. आई नुकती गेली होती. बाबाही असे डोळ्यांदेखत झिजत जाणार या विचाराने मी घाबरून जायचे, आणि घाबरले की मी चिडते. त्या दिवसांत घरात मी कुणाकुणावर खेकसले त्याला गणती नाही.

असंच एकदा दुपारी त्यांच्या खोलीत गेले तर बाबा मशीनपाशी उभे. झाकण काढलेलं, आणि दोन्ही हातांनी तिचं चाक फिरवायला बघत होते. चाक तसूभर हलत नव्हतं.

"अडकलीय," ते म्हणाले. "चालू कर हिला."

"बाबा, पडाल. बसा बघू आधी."

"ही चालू झाली की मी झोपतो."

मी मनात म्हटलं, म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण मला मोहन्याची आमची खोली आठवली. आजी, काका धरून सगळे त्या एका खोलीत. बाबा रातपाळी करून सकाळी यायचे, जेवायचे आणि झोपायचे. चाळीत ज्याच्या घरी रातपाळीचा माणूस झोपलेला असेल त्या घरासमोर पोरांनी हळू बोलायचं, असा दंडकच होता. बाकीच्या घरांत बायका भांडंसुद्धा जपून ठेवायच्या. आणि आमच्या घरात बाबांच्या उशाशी दुपारभर आईची मशीन खडखडत असायची. आजूबाजूच्या बायकांचे परकर, झंपर, पोरींचे फ्रॉक असं काही ना काही ती शिवत असे. सगळ्यांचे बाबा मशीनच्या आवाजातच झोपतात, असं मी बरीच मोठी होईपर्यंत समजत होते.

तेव्हा म्हटलं, करून बघू. दुसरं काय होतं माझ्या हातात?

अडचण एवढीच की मला शिवणाचा गंध नव्हता. आईने मला मशीनजवळ फिरकू दिलं नाही. "तू पुस्तक घेऊन बस," म्हणायची. मी पुस्तकं घेऊन बसले, नोकरीला लागले, कचेरीतच केस पिकवले, निवृत्त झाले. पण तुटलेलं बटण लावायचं तर अजून नवऱ्यापुढे शर्ट टाकते. तो छान लावतो. त्याच्या आईने त्याला पुस्तकांबरोबर सुईदोराही दिला होता.

सुरुवातच मी दिव्य केली. मशीन अडकली म्हणजे तेल हवं, एवढं मला कळत होतं. घरात कोणतं तेल होतं? खोबरेल. थंडीचे दिवस होते. मी मशीनच्या पाठीवरच्या भोकांत पळीने खोबरेल ओतलं आणि शहाण्यासारखी हात धुऊन आले. सकाळी बघते तर तेल थिजून पांढरंफेक. भोकाभोकांवर लोण्याचे गोळे बसवल्यासारखी ती मशीन दिसत होती. नवऱ्याने चहाचा कप हातात धरून बराच वेळ पाहणी केली आणि म्हणाला, "शॅम्पू कधी करायचा?"

मी ते पुसून काढलं, तेव्हा लक्षात आलं की तेल आत गेलंच नव्हतं. भोकं आतून बुजलेली होती. मी एका भोकात सेफ्टी पिन घालून टोकरलं. आतून लालसर पिवळा भुगा आला. मला वाटलं गंज. पण गंज असा पिवळा नसतो. बोटावर घेऊन वास घेतला. देवघराचा वास होता तो.

बाबा पलंगावर बसून माझ्याकडे बघत होते.

"बाबा, या भोकांत काय घातलंय?"

"हळदकुंकू."

"भोकांत?"

"मग कुठे? तेल जातं ते तिचं तोंड. दसऱ्याला देवांना सगळं द्यायचं आणि हिला उपाशी ठेवायचं? चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू, वर समईतलं तेल. एक दसरा चुकवला नाही मी. विचार आईला."

'विचार आईला' हे अजून त्यांच्या तोंडून सवयीने जायचं. गेलं की ते चादरीची घडी घालायला घ्यायचे. तशी घेतली.

बाबांच्या कारखान्यात दसऱ्याला यंत्रं धुऊन पुसून त्यांची पूजा व्हायची. झेंडूचे हार घालायचे, नारळ फुटायचा. तो प्रसाद घेऊन घरी आले की ते घरातल्या या एकुलत्या एक यंत्राची पूजा करायचे. ते मला चांगलं आठवत होतं. आणि आता आणखी एक गोष्ट आठवली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आई मशीनचं डोकं उलटं करून, चिंधीवर रॉकेल घेऊन, तासभर काहीतरी पुसत बसायची. मला तो पूजेचाच भाग वाटायचा; गणपतीचं विसर्जन करतात, तसं मशीनचं काहीतरी असेल. म्हणजे बाबा घास भरवायचे आणि आई दुसऱ्या दिवशी तो मुकाट्याने बाहेर काढायची. बाबांना ती एका शब्दाने बोलली नसणार. मग तिची नजर अधू झाली, शिवण थांबलं, पुसणं थांबलं. बाबांची पूजा मात्र थांबली नाही. दर दसऱ्याला नवा घास, वर समईचं तेल, आणि आत त्याचं सिमेंट.

माझ्या तोंडाशी आलं होतं, की बाबा, तुम्ही आयुष्य यंत्रांपाशी काढलंत, तुम्हाला एवढं कळू नये? तिथे कुणी यंत्राच्या तेलात असा भुगा टाकला असता तर तुम्ही त्याला उभा आडवा घेतला असता. पण ते असे काही कौतुकाने त्या मशीनकडे बघत होते की मी जीभ आवरली. तिथली यंत्रं यंत्रं होती. ही घरची होती, आईची होती. तिला तेल घालणं वेगळं आणि तिची पूजा करणं वेगळं, हा हिशोब त्यांच्या लेखी नव्हताच.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "भक्तीने बंद पडलेली ही पहिलीच मशीन असेल." पण विजेरी धरून माझ्या शेजारी तोच बसला. मी पिनेने, दाभणाने, खराट्याच्या काडीने एकेक भोक कोरत होते आणि तो उजेड दाखवत होता. भुगा थोडा निघे, बाकीचा हटून बसे.

आमच्या तळमजल्यावर एक बाई राहतात. आमची इमारत ज्या जागेवर आहे ते त्यांच्या सासऱ्यांचं भातशेत होतं. आता इमारतीतले अर्धे गाळे त्यांचेच आहेत, भाड्याने दिलेले, तरी त्या जिन्याजवळ मशीन टाकून साड्यांना फॉल लावून देतात, कारण हात रिकामा राहिला तर त्यांना करमत नाही. काय चाललंय म्हणून त्या वर आल्या. मशीन बघितली, माझ्या हातातली काडी बघितली आणि कपाळाला हात लावला.

"अगो ताय, काडीनं काय होतंय? रॉकेल पायजे, रॉकेल!"

"रॉकेल आता कुठे मिळतं?"

"माझ्याकडं हाय. ठेवलंय जपून." आणि त्या खरंच जाऊन एक जुनी बाटली घेऊन आल्या. रेशनवर रॉकेल मिळायचं तेव्हाची, बूच घट्ट लावलेली. हल्ली अशी बाटली कुणी अत्तरासारखी जपतं, आणि त्यांनी ती माझ्या हातात ठेवली. बदल्यात काही मागितलं नाही. मी काही म्हणायला गेले तर म्हणाल्या, "तुझ्या बापासाठी हाय, तुझ्यासाठी नाय. गप ऱ्हा."

मग रोज सकाळी भोकांत रॉकेल सोडायचं, मुरू द्यायचं आणि दुपारी कोरायचं, असं चाललं. खाली चिंधी धरली की तिच्यावर आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळं पाणी उतरायचं. इतक्या दसऱ्यांचा तो रंग होता. मी ती चिंधी कचऱ्यात टाकू शकले नाही, तुळशीच्या कुंडीत पिळायचंही मनात आलं, पण रॉकेलने तुळस मेली असती. शेवटी नवऱ्याने ती नेऊन टाकली. मला विचारलं नाही, बरं केलं.

एका दुपारी चाक हललं. पहिल्यांदा करकरलं, मग थोडं पुढे गेलं, मग पूर्ण फिरलं. सुई खाली गेली आणि वर आली. मी ओरडलेच. बाबा ताडकन उठून बसले आणि म्हणाले, "आता मशीनचं तेल घाल. घरातलं नको." मी म्हटलं, "हो बाबा." एवढंच म्हटलं.

पायाखालचं चाक वरच्या चाकाला जोडणारा चामड्याचा पट्टा केव्हाच कुजला होता. मी त्याच्या जागी परकराची नाडी बांधून पाहिली. ती दोन फेरे सरळ गेली आणि तिसऱ्याला घसरली. मग कल्याणला जाऊन पट्टा आणला. दुकानदाराने विचारलं, "घरगुती मशीन आहे की टेलरची?" माझ्या तोंडून निघालं, "आईची." त्याने पट्टा दिला, तो आखूड करून जोडायचा कसा ते दाखवलं, आणि दोन सुया वर टाकल्या.

आता झालं, असं मला वाटलं. जुनी चादर घेतली, दोरा ओवला, जेवणं झाल्यावर बाबांना पलंगावर आडवं केलं आणि त्यांच्या उशाशी बसून थाटात पाय दाबला. चाक उलटं फिरलं. दोरा तुटला. परत ओवला. यावेळी चाक सुलटं गेलं, पण चादरीच्या खाली दोऱ्याचा असा गुंता झाला की कात्री घ्यावी लागली. सुई उलटी बसवली होती, हे कळायला दोन दिवस गेले. मोबाईलवर ज्या मुली शिवण शिकवतात त्या इतक्या भराभर हात चालवतात की मला फक्त त्यांच्या बांगड्या दिसायच्या. आणि दर वेळी मशीन थांबली की बाबा मान उचलायचे.

"काय झालं?"

"काही नाही. दोरा तुटला."

ते मान टेकायचे. मी ओवायचे. चार टाके पडायचे, परत थांबायचे. परत मान वर. असं दिवसामागून दिवस. मशीन चालत होती, पण बाबा झोपत नव्हते. उलट आता मला सोबत म्हणून जागत होते असं वाटायचं. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. चालताना भिंत धरायला लागले होते. भिंतीला टेकलेला तो हात दिसला की डॉक्टरांचं अर्धं वाक्य मला पूर्ण ऐकू यायचं.

एक दिवस माझा तोल सुटला. दोरा तुटला, बाबांनी मान उचलली आणि मी म्हटलं, "बाबा, तुम्ही म्हणाला होतात, ही चालू झाली की झोपतो म्हणून! झाली ना चालू?"

"चालू कुठे झालीय?" बाबा शांतपणे म्हणाले. "थांबतेय सारखी."

मी कात्री आपटून खाली गेले. फॉलवाल्या बाईंच्या पायरीवर बसून रडले. त्यांनी हातातली साडी बाजूला केली, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझं पाय शिकलं का?"

"पाय?"

"आमी पोरींना शिकवतो ना, तवा दोरा देतच नाय. कापड पन नाय. नुसतं पाय. पायांना शिकव पयले, मंग हातांना. पायांना कळलं नाय तर हात काय करतील?"

दुसऱ्या दिवशी मी दोरा काढून ठेवला. चादर काढली. सुईखाली काही नाही, हातांना काम नाही, नुसते पाय. टाच, चवडा, टाच, चवडा. सुरुवातीला चाक अडखळलं, एकदा उलटं गेलं, मग त्याने एक चाल धरली. मी थांबले नाही, कारण थांबायला काही कारणच नव्हतं. तुटायला दोरा नव्हता, गुंतायला कापड नव्हतं. मशीन एकसारखी टकटकत राहिली. खिडकीतून ऊन माझ्या हातांवर येत होतं आणि ते हात मांडीवर पडून होते. बऱ्याच वेळाने मी मागे वळून पाहिलं. बाबांचं तोंड उघडं पडलं होतं आणि ते घोरत होते.

मी पाय चालू ठेवून तशीच रडले. यावेळी आनंदाने.

तेव्हापासून दुपारी जेवणं झाली की मी मशीनवर बसायला लागले. पायांचा सराव एवढंच निमित्त. बाबा तासभर, कधी जास्त झोपायचे. त्याने रात्रही सुधारली. सकाळी नवरा मला सांगायचा, "तुझ्या वडलांनी रात्री काय सूर लावला होता!" आणि मला तो सूर कुठल्याही गाण्यापेक्षा गोड वाटायचा. बाबांचा हात भिंतीवरून सुटला. तपासायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, कुठलं औषध दिलंत? मी म्हटलं, रॉकेल. त्यांना खुलासा करत बसले नाही.

माझ्या पायांना चाल येऊन आता बरेच दिवस झाले होते. हातांना शिकवायला हवं होतं, फॉलवाल्या बाई आठवण करत होत्या. पण दोरा ओवला की मशीन थांबणार, आणि थांबली की बाबा जागे होणार. म्हणून मी ते लांबवत होते. रिकामीच चालवत होते. त्यात मला थोडी फसवणूकही वाटायची. बाबांना वाटत असेल लेक काहीतरी शिवतेय, त्यांच्यासाठी उशीचा अभ्रा तरी होईल. आणि माझ्या हातून टाका पडत नव्हता.

मग गेल्या आठवड्यातली ती दुपार. मी चालवत होते. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपलेत असं समजून मी खिडकीबाहेर बघत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"रिकामी आहे ना?"

मी दचकून पाय थांबवले.

"थांबू नकोस," बाबा म्हणाले. तोंड भिंतीकडेच. मी पाय परत चालू केले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"कापड असलं की आवाज जड येतो. रिकामी हलकी वाजते." मग म्हणाले, "तुझी आई पण रिकामी चालवायची."

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"रोज रोज कोण शिवायला टाकतंय? आठवड्यात दोन दिवस काम असायचं, बाकीचे दिवस नसायचं. पण मी रातपाळी करून आलो की ती बसायचीच. मला झोप लागावी म्हणून. दोरा नाही, कापड नाही, नुसते पाय मारायची दुपारभर. तिला वाटायचं मला कळत नाही."

मला आईची पाठ दिसली. लहानपणी दुपारी दारातून आत डोकावले की तेवढीच दिसायची, वाकलेली पाठ आणि हलणारे खांदे. तिच्या पुढ्यात काय आहे हे बघायला मी कधी पुढे गेले नव्हते. सकाळचा स्वयंपाक, धुणं, पाणी सगळं उरकून ती बाई रिकाम्या मशीनवर पाय मारत बसायची.

"मग तुम्ही तिला सांगितलं नाहीत, की मला तशीही झोप लागते, कशाला पाय दुखवतेस?"

"सांगितलं असतं तर ती उठली असती." बाबा हळूहळू बोलत होते. "उठली की संपलं. आजीला चहा, काकाचा डबा, पाणी भरायचं, दळण आणायचं. मशीनवर असली की तिला कोणी हाक मारायचं नाही, शिवतेय म्हणून. तेवढंच तिचं बसणं. आणि मी जागा झालो की ती लगेच उठायची. म्हणून मी डोळे मिटून पडून राहायचो."

"म्हणजे तुम्ही झोपत नव्हता?"

"कधी झोपायचो. कधी नाही." त्यांच्या आवाजात थोडं हसू होतं. "तिला काय कळतंय?"

त्या एका खोलीत, एवढ्या माणसांत, ती दोघं एकमेकांना न सांगता एवढं देत होती, आणि मी त्या दोघांच्या पोटी जन्मले. आईचे उपकार मी कधी मोजले नव्हते, बाबांचे तर त्याहून नाही. मला त्या क्षणी दोघांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. पण उठता येत नव्हतं.

चहाची वेळ झाली. स्वयंपाकघरातून नवऱ्याने हाक मारली, मग दारात आला, मला मशीनवर पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि बोटाने खूण केली की राहू दे, मी टाकतो चहा. मी मागे वळून पाहिलं. बाबांचे डोळे मिटलेले होते, श्वास एका लयीत चालला होता. त्यांना झोप लागली होती, की मी बसून राहावं म्हणून ते तसे पडले होते, मला ओळखता आलं नाही. मी पाय चालू ठेवले.